मोहाच्या बाटलीवर काय छापायचं?

हाटपिपल्याहून बागलीमार्गे उदयनगरकडे निघालं की माळव्याची काळी शेतं मागे पडतात आणि विंध्याचा उतार सुरू होतो. हा मोहाचा मुलूख. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बायकापोरं तो वेचतात, वाळवतात, मग फुलं पाण्यात भिजत घालतात. यीस्टचं पाकीट कुणी फोडत नाही. फुलांवर आणि भांड्यात असलेले सूक्ष्मजीवच साखर आंबवतात. उन्हाळ्यात हे लवकर उरकतं, थंडीत रेंगाळतं. मग मडक्यावर मडकं चढवून लाकडाच्या जाळावर दारू गाळायची.

वाइनचे जाणकार इथे हरकत घेतील: ही गाळलेली दारू, वाइन नव्हे. मान्य. पण युरोपात आज ‘नैसर्गिक वाइन’ म्हणून जे मिरवतं, त्याचा पूर्वार्ध हाच आहे. फ्रान्समध्ये 2020 साली ‘व्हँ मेतोद नात्यूर’ ही सनद आली. सेंद्रिय द्राक्षं, हातानं तोडणी, रानटी यीस्ट, बाहेरचं काही मिसळायचं नाही. सल्फाइट घातलंच तर लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत. अजिबात न घालणाऱ्याचा शिक्का वेगळा, थोडं घालणाऱ्याचा वेगळा. कृती अशी लेबलवर आली.

एरवी लेबलचा डौल चित्राचा. बोर्दोच्या शातो मुताँ रोथशिल्डनं 1945पासून जवळजवळ दर वर्षी नव्या कलावंताचं चित्र छापलं. 1973च्या बाटलीवर पिकासो, 2009च्या बाटलीवर मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. आपल्याकडे नारायणगावच्या इंडाजची फसफसती वाइन परदेशात ‘ओमर खय्याम’ म्हणून गेली आणि देशात ‘मार्कीझ द पाँपादूर’ म्हणून विकली गेली. जुन्नर तालुक्यातलं पेय आणि नाव पंधराव्या लुईच्या मैत्रिणीचं! राजीव सामंतांनी आईच्या, सुलभाच्या, नावावरून ‘सुला’ काढली. 2000 साली तिची पहिली वाइन बाजारात आली आणि मिशीवाला सूर्य घरोघरी ओळखीचा झाला. मराठी मुलखातलं हे सर्वांत यशस्वी वाइन-लेबल असं माझं मत आहे, कारण त्यानं फ्रेंच किल्ल्याची नक्कल केली नाही.

मात्र आत काय आणि कसं घडलं, याबद्दल सूर्यही फारसं बोलत नाही. नाशकात द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. उष्णतेनं आम्लता उतरते, पुढे बाटल्या तापलेल्या ट्रकांतून आणि दुकानांतून फिरतात. तिथे सल्फाइट घालणं हा शहाणपणाच आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण मागच्या लेबलवर जागा उरते कुठे? एफएसएसएआयचे मद्याविषयीचे 2018चे नियम एप्रिल 2019पासून लागू झाले. अल्कोहोलचं प्रमाण हवं, आरोग्याचा इशारा हवा. त्यावर प्रत्येक राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे लेबलची नोंदणी वेगळी. मागची बाजू सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी दिसते ती त्यामुळे.

मोहाला तर लेबलच नव्हतं, होता तो गुन्हा. मुंबई इलाख्यात 1892च्या मोहा कायद्यानं फुलं बाळगण्यावरही बंधनं आणली होती. आता वारं फिरलं आहे. गोव्यात डेसमंड नाझरेथ यांनी 2018मध्ये मोहाची बाटली बाजारात आणली. मध्य प्रदेशानं 2022च्या धोरणात मोहाला ‘हेरिटेज मदिरा’ म्हटलं; अलिराजपूरची ‘मोंड’ आणि डिंडोरीची ‘मोहुलो’ आदिवासी बचतगटांकडून आली. (ही डिंडोरी नर्मदेकाठची, नाशिकची दिंडोरी नव्हे.) त्याच धोरणात राज्यातल्या द्राक्षांच्या आणि जांभळांच्या वाइनला शुल्कमाफीही होती.

अशा बाटलीवर आदिवासी नाच, तिरकामठा आणि वारली आकृत्या छापणं सोपं आहे. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. बागलीच्या भिलाल्यांच्या बाटलीवर त्यांचं काय काम? त्याऐवजी फुलं कोणत्या जंगलातली, कोणत्या हंगामातली, आंबवताना गूळ पडला का, हे छापा. गूळ-नवसागराच्या हातभट्टीनं मोहाचं नाव जितकं खराब केलं तितकं कायद्यानंही केलं नसेल. त्यामुळे ‘गूळ नाही’ हे दोन शब्द कुठल्याही चित्रापेक्षा जास्त विकतील. अडचण एवढीच की लेबलवरचा मजकूर बदलायचा तर मंजुरी आली, आणि मंजुरी आली की फी आली. दर हंगामाला नवं लेबल छापायला मुताँला परवडतं. बचतगटाला परवडावं असं वाटत असेल, तर ती फी आधी आबकारी खात्यानं माफ करायला हवी.