खाडीकांठचे पहारेकरी

रत्नागिरीस आलेले पाहुणे भाट्याच्या पुळणीवर फिरून परततात. जवळच काजळी नदीच्या खाडींतलें कांदळवन मात्र क्वचितच पाहतात. आम्ही ओहोटीची वेळ साधून सहकुटुंब तेथें गेलों. खुंट्यांसारखीं असंख्य मुळें वर आलेलीं होतीं. चिखलांत हवा खेळत नाहीं, म्हणून चिपीचें झाड या मुळांनीं श्वास घेतें. तिचीं पांढरीं फुलें रात्रीं उमलतात व सकाळीं गळतात. माशांचीं पिलें मुळांच्याच आडोशास वाढतात.

सासूबाई म्हणाल्या, "आमची चूल याच लांकडांवर पेटत असे, झाडाचें मोल तेव्हां कोणीं सांगितलें नाहीं!"

२००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०२० सालीं पांढरी चिपी महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. तरीही मुलांना हें वन अवश्य दाखवावें. ओळखीच्या झाडावर हात सहसा उचलवत नाहीं.