बांबूची वालिहा आणि सॅक्सोफोन

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटरवर मादागास्कर हे विस्तीर्ण बेट आहे. भूगोलाच्या पुस्तकाने त्याला आफ्रिकेत घातले असले, तरी तेथील भाषेचे निकटचे नाते दूरच्या बोर्निओ बेटावरील बोलींशी आहे. शेकडो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी ती भाषा आणली, आणि "वालिहा" हे वाद्यही त्यांच्याच परंपरेतले मानतात.

वालिहा म्हणजे बांबूचा एक जाड नळा. जुन्या रीतीप्रमाणे त्या बांबूचीच साल, दोन्ही टोके न तोडता, बारीक पट्ट्यांनी उकलीत आणि तिच्याखाली भोपळ्याच्या कवचीचे तुकडे घोडीसारखे सरकवीत, झाली तार! पुढे धातूच्या तारा आल्या, त्याही कित्येकदा सायकलच्या ब्रेकच्या केबलचे पेड उलगडून काढलेल्या. (गरजवंताच्या या युक्तीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.) तारा नळ्याच्या सभोवार असल्याने वादक त्या दोन्ही बाजूंनी छेडतो, आणि एकच सुरावट दोन हातांत वाटली जाते. नाद आपल्या स्वरमंडळाची आठवण देणारा, परंतु अधिक चपळ.

अशा वाद्याचा जॅझशी मेळ बसावा कसा? वालिहा सात स्वरांत लावलेली असते. पट्टी बदलावयाची तर एकेक घोडी सरकवावी लागते. जॅझमध्ये तर एकाच रचनेत पट्टी अनेकदा पालटते. वालिहा बिचारी धावणार किती?

मार्ग जॅझनेच मोकळा केला. १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन प्रभृतींनी स्वरसंघांची धावपळ थांबवून एकाच स्वरसप्तकात दीर्घकाळ रमण्याची रीत रूढ केली. आपल्या रागविस्ताराची सवय असलेल्या वाचकांस यात नवल वाटू नये. एका सप्तकातच राहावयाचे असेल, तर वालिहाला घोड्या हलविण्याचे कारण उरत नाही.

पुढच्या दशकाच्या अखेरीस जेफ जिल्सन (१९२६–२०१२) हा फ्रेंच पियानोवादक आंतानानारिवो या राजधानीत आला. तेथील तरुण वादकांना घेऊन त्याने केलेली "मालागासी" ही ध्वनिमुद्रिका १९७२ साली निघाली. अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स याची, विधात्याच्या योजनेविषयीची १९६९ मधील प्रसिद्ध रचनाही तीत आहे.

या वादकांपैकी देल राबेंजा सॅक्सोफोनही वाजवी आणि वालिहाही. दोन्ही वाद्यांस दोन्ही हात लागतात, तेव्हा एक उचलताना दुसरे खाली ठेवणे आलेच! "वालिहा देल" या रचनेच्या नावातच वाद्य आणि वादक शेजारी बसले आहेत. "सालेगी जेफ" या रचनेचे नाव बेटावरील सालेगी नृत्यावरून पडले. त्या नृत्याच्या सहा मात्रा कधी तिनातिनांच्या दोन गटांत ऐकू येतात, कधी दोनदोनांच्या तीन गटांत, आणि पाय मात्र चुकत नाहीत.

एक गोष्ट खटकते. हे संगीत आजही बहुधा जिल्सनच्या नावाखाली शोधावे लागते. त्याचे ऋण मोठे खरे, परंतु बांबू काही पॅरिसहून आला नव्हता. म्हणून १९७३ ची "मादागास्कर नाउ" ही ध्वनिमुद्रिका मला विशेष मोलाची वाटते. ती राबेंजा आणि बासवादक सिल्वँ मार्क यांच्या नावाने ओळखली जाते. मार्क पुढे नीना सिमोनच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेत वाजले. आंतानानारिवोत १९८८ साली "मादाजॅझकार" हा जॅझमहोत्सव सुरू झाला.