कठीण शब्द नव्हे, कामाचे शब्द

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अम्मीबरोबर घरी आली. उर्दू माध्यमातून दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी. आता मुंब्र्याहून रोज लोकलने ठाण्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जाते. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, तरी मुलगी मान वर करेना. शेवटी अम्मीच म्हणाली, "टीचर, ही सायन्स सोडते म्हणते. आता तुम्हीच समजवा."

आम्ही तिला फिजिक्सचे पुस्तक काढायला सांगितले. तिने न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. आम्हाला वाटले होते, विज्ञानाच्या संज्ञा अडल्या असतील. कारण शाळेत ती 'इसराअ' शिकली, आता ते 'ॲक्सिलरेशन' झाले. पण संज्ञांखाली रेघ नव्हतीच. संज्ञा कॉलेजात समजावून सांगतात. रेघा होत्या 'रिस्पेक्टिव्हली', 'व्हेअरॅज', 'अझ्यूम', 'निग्लिजिबल' या शब्दांखाली. हे सर्वांना येतातच असे धरून शिकवणारे पुढे जातात. उदाहरणात घर्षण 'निग्लिजिबल' आहे असे लिहिले होते, म्हणजे ते इतके कमी की हिशेबात धरू नका. ही बिचारी घर्षण किती, तेच शोधत बसली होती. गणित येत होते, पण शब्दाने घात केला.

मग सहज विचारले, "मॅग्नॅनिमस म्हणजे काय?" उत्तर ताबडतोब आले, "दर्यादिल." आणि आम्ही मनातून वरमलो. कारण हा शब्द आम्हीच शिकवला होता. रोज डिक्शनरीतले वीस कठीण शब्द पाठ करायचे, अशी स्पर्धा आम्ही शाळेत घेत असू. त्या स्पर्धेचे बक्षीस हिनेच मिळवले होते. ज्या मुलीला आम्ही इंग्रजी शब्दांचे बक्षीस दिले, तीच इंग्रजी शब्दांपायी सायन्स सोडायला निघाली होती. चूक तिची नव्हती, आमची होती.

शब्द कोणते शिकायचे?

प्रगत शब्दसंपदा म्हणजे क्वचित भेटणारे भारी शब्द, असा आपल्याकडे समज आहे. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक ब्रिटिश काळात ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय अडते, हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे 1953 मध्ये त्यांनी सर्वांत उपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतर 2000 साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कॉलेजच्या निरनिराळ्या विषयांचे सुमारे 35 लाख शब्दांचे लेखन तपासले. वेस्ट यांच्या यादीत नसलेली, पण सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणारी 570 शब्दकुटुंबे त्यांनी निवडली. अशा लेखनातल्या दर शंभर शब्दांपैकी साधारण दहा शब्द या 570 कुटुंबांतले असतात. अझ्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, सिग्निफिकंट हे सगळे त्यातलेच.

म्हणजे दहावीपर्यंत पहिले 2000 पक्के करा आणि अकरावीच्या उंबरठ्यावर हे 570 हाती घ्या. दर्यादिली इंग्रजीत नंतर दाखवता येईल.

आपल्या मुलांची दुहेरी पुंजी

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही उर्दू किंवा मराठी माध्यमाचे मूल अकरावीत गोंधळते आणि आईवडिलांना वाटते, आपण माध्यमच चुकीचे निवडले. आमचे म्हणणे वेगळे आहे. आपल्या मुलांजवळ दोन किल्ल्या आहेत, त्या वापरायला आम्ही शिक्षकांनीच शिकवले नाही.

पहिली किल्ली उर्दूची. इल्म, आलिम, मालूम, तालीम, मुअल्लिम हे सगळे एकाच तीन अक्षरी धातूतून निघाले, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. इंग्रजीतही तसेच आहे. 'स्ट्रक्ट' म्हणजे रचणे. त्यातून स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्ट, इन्स्ट्रक्ट, डिस्ट्रक्शन. एक मूळ ओळखले की अख्खे खानदान ओळखीचे होते.

दुसरी किल्ली मराठीची. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार. मागचा उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीत 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. त्यातून इम्पोर्ट म्हणजे आयात, एक्स्पोर्ट म्हणजे निर्यात, ट्रान्सपोर्ट म्हणजे वाहतूक. घरात कोकणी किंवा दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलाला हा खेळ नवा नाही.

काही शब्द तर आपल्याच घरून गेलेले आहेत. 'ॲल्जिब्रा' हा अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथनामातल्या 'अल-जब्र'वरून आला आणि 'अल्गोरिदम' त्यांच्या नावावरून. केमिस्ट्रीतला 'ॲल्कली' म्हणजे अल-कली. आणि हे जे 'मॅगझिन' तुमच्या हातात आहे, त्याचे मूळ अरबी 'मखजन', म्हणजे कोठार. 'खजाना'ही त्याच धातूचा. मुलांना हे सांगितले की इंग्रजीची भीती निम्मी होते.

शब्द एकटा राहत नाही

शब्दाचा सोबतीही शिकावा लागतो. चहा आपण 'कडक' म्हणतो, इंग्रजीत तो 'स्ट्राँग'. पाऊस मात्र 'स्ट्राँग' नाही, 'हेवी'. मराठीत शपथ घेतात, उर्दूत कसम खातात, इंग्रजीत पुन्हा 'टेक' म्हणजे घेतातच. म्हणून वहीत नुसता शब्द आणि समोर अर्थ लिहू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य लिहा.

आणि शब्द भेटायला लांब जावे लागत नाही. गाडी उशिरा असली की स्टेशनवर तीन भाषांत घोषणा होते. मराठीतली 'गैरसोय' इंग्रजीत 'इनकन्व्हीनियन्स' होते, 'दिलगिरी'चे 'रिग्रेट' होते. आमच्या भागातल्या मुलांनी हे इतक्या वेळा ऐकले आहे की नुसते लक्ष दिले तरी दोन शब्द फुकट मिळतात.

मिठाईचा डबा आणि अम्मी

पाठ केलेले विसरते, ही सर्वांचीच तक्रार. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्येच दाखवले की विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी हवी. 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावर कप्प्यांच्या पेटीचा सोपा उपाय सांगितला. आम्ही त्यासाठी मिठाईचा रिकामा डबा घेतला आणि पुठ्ठा लावून त्याचे तीन कप्पे केले.

चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि वाक्य, दुसऱ्या बाजूला उर्दू किंवा मराठी अर्थ. पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. रोज नवे शब्द फक्त पाच.

त्या मुलीची अम्मी म्हणाली, "मला कुठे इंग्रजी येते? मी काय मदत करणार?" आम्ही सांगितले, "तुम्हाला उर्दू येते ना? उर्दू बाजू वाचा, ती इंग्रजी सांगेल." तेव्हापासून इशाच्या नमाजनंतर, जेवणाआधी, पंधरा मिनिटे मायलेकी डबा घेऊन बसतात.

कल्याणची लेक

कल्याणात 1865 मध्ये एक मुलगी जन्मली. घरची भाषा मराठी, लग्न नवव्या वर्षी, इंग्रजी शिकली ती त्यानंतर. 1883 मध्ये तिने बंगालमधल्या श्रीरामपूरला लोकांपुढे इंग्रजीतून भाषण केले आणि 1886 मध्ये ती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या वारल्या. पण उशिरा शिकलेल्या इंग्रजीतून पूर्ण वैद्यक शिकता येते, हे त्यांनी याच परिसरातून जाऊन दाखवले.

आमच्या मुलीने सायन्स सोडले नाही. पहिला नंबर अजून आलेला नाही, तो येईल तेव्हा येईल. पण परवा तिने वर्गात हात वर करून शंका विचारली, हे सांगायला ती मुद्दाम येऊन गेली.

आमच्या शाळेतली वीस शब्दांची स्पर्धा आम्ही बंद केली आहे. पालकांना एवढीच विनंती, की या रविवारी घरातला एखादा रिकामा डबा शोधा. आणि मुलाला इंग्रजी शब्द विचारायला आपल्याला इंग्रजी आलेच पाहिजे, हा गैरसमज त्यात ठेवून झाकण लावू नका.