भावाने हप्ता भरला म्हणून भरपाई कापली जात नाही

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, जुबैलच्या उत्तरेला, रास अल खैर ही औद्योगिक नगरी आहे. मआदेन कंपनीचे ॲल्युमिनियम आणि फॉस्फेटचे कारखाने, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रचंड प्रकल्प, किंग सलमान यांच्या नावाचं जहाजबांधणी संकुल असा तिथला पसारा. अशा ठिकाणी कामाला गेलेला कोकणातला फिटर किंवा वेल्डर चार पैसे साठले की गावाकडे नाहीतर पनवेल-नालासोपाऱ्याला गृहकर्ज काढून घर घेतो. हप्ता त्याच्या पगारातून जात असतो. मग एक दिवस साईटवर अपघात होतो, पगार थांबतो आणि घरी पहिली शंका निघते ती अशी: "आपण हप्ता भरला तर त्याची भरपाई कमी होईल का?"

या शंकेपायी सख्खे भाऊ हात आखडता घेतात आणि कर्ज थकत जातं. म्हणून आधी स्पष्ट सांगतो: सौदीत मिळणारी कामावरच्या अपघाताची भरपाई घरच्यांच्या मदतीमुळे एका रियालनेही कमी होत नाही.

ही भरपाई देते सामाजिक विम्याची सरकारी संस्था. कॅम्पात तिला सगळे 'गोसी' म्हणतात. तिच्याबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज असा की "माझ्या पगारातून काही कापत नाहीत, म्हणजे मला काही लागू नाही." परदेशी कामगाराच्या पगारातून गोसीसाठी काही कापायचंच नसतं. त्याच्या अपघात विम्याचा २ टक्के हप्ता पूर्णपणे मालकाने भरायचा असतो. हा विमा असल्यामुळे तुमचं घर आहे का, त्यावर कर्ज आहे का, ते कोण फेडतंय, यातलं काहीही हिशेबात येत नाही. हिशेबात येतात दोनच गोष्टी: गोसीकडे नोंदलेला पगार आणि वैद्यकीय मंडळाने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी.

उदाहरण घेऊ. एका स्कॅफोल्डरचा नोंदलेला पगार, म्हणजे बेसिक आणि घरभाडं मिळून, २,००० रियाल आहे. ओव्हरटाईम धरून त्याच्या हातात दरमहा ३,२०० पडायचे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर परदेशी कामगाराला पेन्शन मिळत नाही, ८४ महिन्यांच्या लाभाइतकी एकरकमी भरपाई मिळते. त्याच्या बाबतीत ती होते १,६८,००० रियाल. कमाल मर्यादा ३,३०,००० रियाल. अपंगत्व अंशतः, समजा ३० टक्के ठरलं, तर २,००० चे ३० टक्के म्हणजे ६००, गुणिले ६० महिने, म्हणजे ३६,००० रियाल. इथे मर्यादा १,६५,००० ची. घरचे मात्र ३,२०० धरून गणित मांडून बसलेले असतात. ओव्हरटाईम या हिशेबात येत नाही. म्हणून प्रत्येक कामगाराने आपला नोंदलेला पगार किती आहे हे आजच पाहून ठेवावं, अपघातानंतर नव्हे.

उपचार चालू असताना गोसीचा रोजचा भत्ता मिळतो. तो पूर्ण रोजंदारीइतका असतो, रुग्णालयात गोसीच्या खर्चाने दाखल असेपर्यंत ७५ टक्के. कॅम्पातून साईटवर जाता-येतानाचा अपघातही कामावरचाच धरतात. पण खोलीत झोपेत पक्षाघाताचा झटका आला, साखर वाढून पाय गेला, तर परदेशी कामगाराला गोसीचं अपंगत्वाचं संरक्षण नाही. हे कटू आहे, पण माहीत असलेलं बरं. नोकरी संपतानाचा ग्रॅच्युइटीसारखा पैसा, पहिली पाच वर्षं दर वर्षाला अर्धा पगार आणि पुढे दर वर्षाला पूर्ण पगार, हा या भरपाईहून वेगळा हक्क आहे. "गोसीचे मिळाले ना, आता हे कशाला" असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. आणि टक्केवारी ठरायच्या आत फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचं सौदी सोडण्याच्या कागदावर, सही करण्याची घाई तर मुळीच करू नये.

मग मदत घेतली की लाभ कापतात ही भीती आली कुठून? ती अगदीच निराधार नाही, ती दुसऱ्या देशाची आहे. अमेरिकेत गरीब अपंगांसाठी 'एसएसआय' नावाची योजना आहे. तिथे दुसऱ्या कुणी घराचा हप्ता भरला तर ती मदत उत्पन्नासारखी धरतात आणि महिन्याचा लाभ ठराविक मर्यादेपर्यंत कमी करतात. पण त्याच देशात नोकरीतल्या वर्गणीवर मिळणाऱ्या अपंगत्व विम्याला हा नियम नाही. न्यू जर्सीतल्या मामेभावाने चांगल्या मनाने दिलेला सल्ला रास अल खैरला लागू पडत नाही तो यामुळे.

आता हप्त्याकडे येऊ. खरा घोळ इथेच होतो.

हप्ता बहुधा एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई जमा होणाऱ्या, खात्यातून कापला जातो. भाऊ गावातल्या शाखेत जाऊन त्या खात्यात रुपये भरायला बघतो आणि बँक नाही म्हणते. एनआरई खात्यात भारतातले रुपये असे भरता येत नाहीत. यावरून घरचे समजतात की अनिवासी माणसाचं कर्ज घरच्यांना फेडताच येत नाही. तसं नाही. भारतातला जवळचा नातेवाईक स्वतःच्या बँक खात्यातून थेट कर्जखात्यात पैसे भरू शकतो, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ही सोय आहे. आईवडील, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण हे त्यात येतात. काका-मामांना मदत करायची असेल तर त्यांनी ती या घरच्यांपैकी कुणाच्या तरी हाती द्यावी. रोख मात्र कुणीच देऊ नये. हातउसने म्हणून २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीत देणं-घेणं आयकर कायद्याला चालत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

आयकराचं नात्यांचं गणित निराळं आहे आणि ते अनेकांना चकवतं. भेट म्हणून मिळालेल्या पैशावर कर लागू नये यासाठी देणारा कायद्याच्या व्याख्येतला नातेवाईक असावा लागतो. त्यात भावंडं, आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, काका, आत्या, मामा, मावशी, मेहुणे, दीर, नणंदा आणि या सगळ्यांचे जोडीदार बसतात. त्यांनी दिलेल्या रकमेला मर्यादा नाही. चुलतभाऊ, मावसभाऊ मात्र त्यात नाहीत. पुतण्या-भाच्याने काकाला किंवा मामाला दिलेली भेटही बसत नाही, उलट काकाने पुतण्याला दिलेली बसते. व्याख्येबाहेरच्या सगळ्यांकडून मिळून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली तर वरचा भागच नव्हे, सगळी रक्कम करपात्र ठरते. गावातले मित्र वर्गणी काढून हप्ते भरणार असतील तर ते कर्ज म्हणून घ्यावं, बँकेतून घ्यावं आणि साध्या कागदावर तसं लिहून दोघांनी सही करावी. परत करायच्या कर्जावर असा कर नाही.

भावाभावांत लिहून काय घ्यायचं, असं म्हणणारी मंडळी भेटतील. माझं मत उलट आहे. भेट आहे की उसने, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवलं तर पुढे वहिनी-दीर एकमेकांशी बोलत राहतात. कारण हप्ते भरले म्हणून कुणी घराचा मालक होत नाही. मालकी नोंदणीकृत दस्तावरून ठरते. तीन वर्षं हप्ते भरणाऱ्या भावाचं नाव दस्तावर नसेल तर मालकीचा हिस्सा नाही आणि त्याला आयकरात व्याजाची वजावटही नाही. उलटही तितकंच खरं: नुसते हप्ते भरल्याने तो कर्जाला बांधला जात नाही. बांधला जातो तो जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केल्यावर, आणि तेव्हा पूर्ण कर्जाला. अडचणीच्या काळात बँक अशी सही मागेल. ती देण्याआधी दोन दिवस थांबावं.

"कर्जाला विमा आहे, अपंगत्व आलं की कर्ज माफ" असंही घरोघरी समजतात. पण बऱ्याच गृहकर्जांबरोबरचा विमा फक्त मृत्यूपुरता असतो. प्रमाणपत्र काढून त्यात कायमच्या अपंगत्वाचं कलम आहे का ते वाचावं. दुसरा एक विमा मात्र बऱ्याच घरांत विसरलेला असतो. दहावी न झालेल्या, म्हणजे ईसीआर पासपोर्टवर सौदीला गेलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. गोसीची भरपाई मिळाली म्हणून हा हक्क जात नाही. मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं.

परत आल्यावर सौदीतल्या टक्केवारीचा कागद इथे चालत नाही. जिल्हा रुग्णालयातून नव्याने तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये मिळतात. इथे मात्र कुटुंबाचं उत्पन्न पाहतात, त्यामुळे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. विमा आणि अनुदान यांतला हा फरक घरातल्या सगळ्यांना नीट कळला पाहिजे. अनुदानाचा अर्ज करताना आलेली भरपाई आणि घरची मदत लपवू नये, तिथे विचारूनच पुढे जावं.

एकरकमी भरपाई हातात आली की सगळी कर्जात टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही हे खरं. तरी ज्याला पुढे कमावता येणार नाही त्याने निदान काही वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवून उरलेलेच कर्जात घालावेत असं मला मनापासून वाटतं. आणि भरपाई कर्ज असलेल्या बँकेच्याच खात्यात मागवण्याआधी विचार करावा, कारण थकलेल्या रकमेपोटी बँक आपल्याकडची ठेव वळती करू शकते.

राहिली घर जाण्याची भीती. दोन हप्ते चुकले म्हणून कुणी कुलूप लावत नाही. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की कर्ज अनुत्पादक ठरतं, मग थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि तिला लेखी हरकत घेता येते. "आपली तर सहकारी बँक, तिला हा कायदा लागू नाही" हे मात्र आता खरं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निकाल दिला आहे. म्हणून पहिला हप्ता चुकायच्या आतच रुग्णालयाचे कागद आणि गोसीच्या दाव्याची प्रत घेऊन भावाने शाखेत जावं, हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेऊनच बाहेर पडावं.