मॅन्युअल नसलेलं यंत्र

मिसूरीच्या शेतकरी घरातली बेटी जीन जेनिंग्ज गणित शिकली. आता शाळेत शिकवेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तिनं मात्र १९४५ मध्ये फिलाडेल्फियाची गाडी पकडली. काम होतं तोफगोळ्यांच्या मार्गाची आकडेमोड.

लवकरच एनिअ‍ॅक या सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब असलेल्या संगणकाच्या धुडासाठी तिच्यासह सहाजणी निवडल्या गेल्या. मॅन्युअल नाही, प्रोग्रॅमिंगची भाषा नाही; होते फक्त जोडणीचे आराखडे. ते वाचून, इंजिनिअरांना खोदूनखोदून विचारून केबल कुठे खोचायची, स्विच कुठे फिरवायचा, हे त्यांनीच ठरवलं.

फेब्रुवारी १९४६ च्या प्रात्यक्षिकात यंत्रानं गोळ्याचा मार्ग गोळा जमिनीवर पडण्याआधीच काढला! तो प्रोग्रॅम बेटी जीन आणि सहाजणींतल्याच बेटी स्नायडर यांचा. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र दोघींनाही नव्हतं.