ग्राफिक्स कार्ड, लिनक्स आणि ऐकीव सल्ले

हैदराबादेत अमीरपेटच्या मैत्रीवनम परिसरात मशीन लर्निंगचे क्लास करणारी मुले सिकंदराबादच्या पार्कलेनवर जातात. तिथल्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीटीसीतून, एनव्हिडियाचे कार्ड आणतात, घरच्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकतात आणि ड्रायव्हरपाशी अडतात. एनव्हिडिया आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांची कार्यालये याच शहरात आहेत. तरीही ड्रायव्हरबद्दल कानावर पडणारे बरेचसे सल्ले चुकीचे असतात आणि त्यांपायी शिकणाऱ्याचे दिवस वाया जातात.

पहिला समज असा की लिनक्सवर प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर वेगळा टाकावाच लागतो. एएमडी आणि इंटेलच्या बाबतीत हे खरे नाही. एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, इंटेलचाही तसाच. रोजच्या वापरासाठी वेगळे काही करावे लागत नाही. एनव्हिडियासाठीही ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर २०१० पासून कर्नलमध्ये आहे, त्यामुळे चित्र दिसते. पण जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांचा वेग वाढवायला कंपनीची सही असलेले फर्मवेअर लागते आणि ते नूवोला मिळालेले नाही, म्हणून ही कार्डे त्याच्यावर मंदच चालतात. शिवाय कार्डावर गणिते चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली कूडा नूवोवर चालत नाही. मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाचा ड्रायव्हर हवा तो यासाठी.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘विंडोजसारखी कंपनीच्या साइटवरून नवी फाइल उतरवा आणि चालवा’. ड्रायव्हरचा एक भाग, म्हणजे मॉड्यूल, कर्नलच्या आत बसतो आणि तो नेमक्या त्याच कर्नलसाठी बांधलेला असावा लागतो. उबुंटूचे कर्नल अपडेट वरचेवर येते. साइटवरून आणलेल्या ‘रन’ फाइलची नोंद पॅकेज व्यवस्थेकडे नसते. त्यामुळे कर्नल बदलले तरी ड्रायव्हर जुन्यासाठीच बांधलेला राहतो आणि पुढच्या रीस्टार्टला पडदा काळा. त्या फाइलमध्ये डीकेएमएसशी, म्हणजे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या यंत्रणेशी, जोडून घेण्याची सोय आहे, पण घाईत ती निवडायची राहून जाते. उबुंटूच्या ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ खिडकीतून किंवा ‘उबुंटू-ड्रायव्हर्स’ या आज्ञेने टाकलेला ड्रायव्हर मात्र कर्नलबरोबर आपोआप बदलतो. फेडोरावर हेच काम आरपीएम फ्यूजनच्या भांडारातून होते, डेबियनवर ‘नॉन-फ्री’ विभागातून. आपल्या डिस्ट्रोचेच पॅकेज घ्या. दोन्ही मार्ग एकाच यंत्रावर मिसळू नका.

आणखी एक हट्टी समज सिक्युअर बूटचा. ‘ते बंद केल्याशिवाय एनव्हिडिया चालतच नाही’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेले मॉड्यूल आत घेत नाही, एवढेच त्यातले खरे. उबुंटू कॅनॉनिकलची सही असलेली तयार मॉड्यूल पुरवते, ती सरळ चालतात. मॉड्यूल तुमच्या यंत्रावर बांधले गेले, तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलीही कळ दाबायची, ‘एनरोल मॉक’ निवडायचे, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ आणि तोच पासवर्ड द्यायचा. हा निळा पडदा बिघाडाचा समजून लोक नुसते बघत राहतात. दहा सेकंद सरली की यंत्र नेहमीसारखे सुरू होते, सहीची किल्ली नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर लोड होत नाही. सिक्युअर बूट हे सुरक्षेचे कवच आहे, ते या कारणासाठी काढून टाकू नये.

‘सर्वांत नवा तोच चांगला’ हेही प्रत्येक कार्डाला लागू नाही. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठी ५८०. सेकंडहँड कार्ड घेण्याआधी एवढे तपासाच.

‘एनव्हिडियाने आता सगळे खुले केले’ हे अर्धसत्य आहे. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधल्या मॉड्यूलचा स्रोत खुला केला, तोही कार्डांच्या टुरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी. कूडा आणि ओपनजीएलच्या लायब्रऱ्या बंदच आहेत.

कार्डाची स्थिती दाखवणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा दिली की वर उजव्या कोपऱ्यात कूडाचा आकडा दिसतो. तो बसवलेल्या कूडाचा नसतो; हा ड्रायव्हर कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल, ते तो सांगतो. पायटॉर्च पिपने घेतले की लागणाऱ्या कूडा लायब्रऱ्या त्याच्याबरोबरच येतात, त्यामुळे नुसत्या पायटॉर्चसाठी अख्खे टूलकिट उतरवायची गरज नसते. अपडेटनंतर हीच आज्ञा ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणू लागली, तर बहुतेक वेळा जुने मॉड्यूल अजून चालू आहे आणि लायब्ररी नवी आली आहे, इतकाच अर्थ. रीस्टार्ट करा.

आणि पडदा काळा झालाच, तर लगेच फॉरमॅटच्या मागे लागू नका, तुमच्या फाइली जागच्या जागी असतात. यंत्र सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा मेन्यू उघडा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचे कर्नल निवडा. बहुतेकदा डेस्कटॉप उघडतो. मग रन फाइलने टाकलेला ड्रायव्हर तिच्याच ‘अनइन्स्टॉल’ पर्यायाने काढा आणि डिस्ट्रोचे पॅकेज टाका.