सेकंडहँड, पण सॉलिड!

‘मुंबई स्पेशल’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? भेळ? कटिंग? जुन्या घड्याळांच्या शौकिनांना मात्र घामच फुटतो! जगभर त्यांच्या भाषेत ‘मुंबई स्पेशल’ म्हणजे नव्याने रंगवलेली डायल, काटे एकाचे, केस दुसऱ्याची आणि मशीन तिसऱ्याचं.

हे नाव आपल्याच शहराला चिकटलं यात नवल नाही. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून भारतात आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतला ससून क्लॉक टॉवरही त्याच काळातला. तिची ‘सी चीफ’, ‘सी किंग’ कित्येक आजोबांच्या मनगटावर होती. १९६४ मध्ये तिने पाणबुड्यांसाठी, २०० मीटर खोलीचं ‘डीप ब्लू’ आणलं. एवढा जुना स्विस माल हातोहात फिरत राहिला, की रंगरंगोटी होणारच.

भायखळ्यात राहणारा माझा एक मित्र यात फसला. ‘गोल्डनआय’मध्ये (१९९५) बाँडच्या हातात ओमेगा सीमास्टर पाहिल्यापासून साहेबांना डायव्हिंग वॉचचं वेड. बोनस आला आणि त्याने एक जुनं, पण चकचकीत डायव्हर घेतलं. कुठून, ते विचारू नका. जुलैत स्टेशनवरून घरी येताना भिजला, तर काचेच्या आत वाफ! डायलवर २०० मीटर आणि बुडालं भायखळ्याच्या पावसात. घड्याळजीने मागचं झाकण उघडलं, तर आतली रबरी रिंग वाळून कडकडीत झालेली.

मुद्दा इथेच आहे. डायलवरचा आकडा हा घड्याळ नवं असतानाचा वायदा. रबर म्हातारं होतं, आकडा होत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी एवढं बघाच :

* जुन्या केसमध्ये कोरी करकरीत डायल? सावधान! फिकट झालेली, पण मूळची डायल केव्हाही चांगली.
* डायलवरच्या आणि काट्यांवरच्या रेडियमचा रंग जुळतोय का?
* झाकण उघडून मशीन दाखवायला सांगा. नंबर कागदपत्रांशी ताडून बघा.
* चावी स्क्रूसारखी पिळून बंद होणारी असेल, तर ती नीट बसतेय का?
* प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय घड्याळ पाण्यात नेऊ नका. सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतच धरा.

मित्राचं दुसरं घड्याळ बघाल तर नाक मुरडाल. कडेला ओरखडे, डायल फिकट. पण कागदपत्रं आहेत, रबर नवीन आहे, टेस्ट झालेली आहे. आता तो पावसात बिनधास्त हात बाहेर काढतो.

आणि काचेभोवतीचं ते फिरतं कडं? बेझल एकाच दिशेने फिरतं. चुकून धक्का लागला तरी पाण्यातली वेळ जास्तच दिसावी, पाणबुड्याने हवा संपण्याआधी वर यावं, म्हणून. आमचा हा पाणबुड्या त्यावर कुकरच्या शिट्टीनंतरची दहा मिनिटं मोजतो. मिनिटकाट्यासमोर त्रिकोण आणला, की झालं काम!

लॉकरमध्ये ठेवायला घड्याळ घेऊच नका. पहिले ओरखडे कुणा अनोळखी माणसाचे असतील, पुढचे तुमचे असू देत.